खालचं टिंब

"मग आता राहिलं काय, बाई?"

हेमंत गवसने हे दुपारी दोन वाजता विचारलं. हाच प्रश्न त्याने अकरा वाजता विचारला होता, तेव्हा आवाजात हसू होतं. साडेबाराला विचारला तेव्हा ते गेलं होतं. आता नुसता प्रश्न उरला होता.

गोदाबाईंनी कागदावरून बोट फिरवलं. एक ओळ. दुसरी अर्धी.

"नाही," त्या म्हणाल्या आणि कागद शेजारच्या ढिगावर ठेवला.

ढिगात असे एकवीस कागद झाले होते. सगळे जाड, सगळे पांढरे, सगळ्यांवर फुगीर टिंबं. उपयोगाचा एकही नाही.

घाटाखालच्या एका गावातली अंधशाळा. वार रविवार. मुलं वसतिगृहात, मुख्याध्यापक तालुक्याला कसल्याशा बैठकीला. कॉम्प्युटरच्या खोलीत दोघंच होती. एक सकाळपासून टेबलाखाली वाकून, एक भिंतीला पाठ लावून.

भिंतीला पाठ लावलेल्या त्या गोदाबाई तावडे. चार वर्षांच्या असताना देवीच्या साथीत डोळे गेले. पुढे याच शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं. निवृत्त होऊन नऊ झाली, तरी वसतिगृहातली खोली सोडली नाही. सोडून जाणार कुठे, आणि गेल्या तर इथलं कोण करणार? ब्रेल येणारे एकच मास्तर होते, ते जूनमध्ये बदलून गेले. जागा भरण्याचं पत्र आलंय. पत्रं येतात.

तेव्हा प्रश्नपत्रिका बाईच करत. त्या टाइप करायच्या, कॉम्प्युटर टाइप केलेलं बोलून दाखवायचा, आणि शेजारचा ब्रेल प्रिंटर कागदाला आतून सुया मारून टिंबं उठवायचा. शाई नाही, रंग नाही. बोटाने वाचायचं.

सोमवारी सकाळी दहाला पाचवीच्या नऊ मुलांचा गणिताचा पेपर होता.

मागच्या वर्षी प्रिंटर असाच ऐनवेळी बसला होता. तेव्हा शेजारच्या शाळेतल्या एका गुरुजींना प्रश्न वाचून दाखवायला आणलं. त्यांनी प्रत्येक प्रश्न एकदा वाचला, मोठ्याने आणि भरभर, परत घरी जायची घाई असल्यासारखा. एका मुलीने पुन्हा वाचायला सांगितलं. डोळे नाहीत ते ठीक, पण कानही नाहीत का, असं गुरुजी म्हणाले. त्यानंतर कोणी काही विचारलं नाही. सहा मुलांनी अर्धा पेपर कोरा दिला.

बाई तेव्हा दाराशी बसून होत्या. सगळं ऐकलं.

डोळस मुलाला प्रश्न दहादा वाचता येतो, कोणाची परवानगी काढावी लागत नाही. बाईंना आपल्या नऊ जणांसाठी तेवढंच हवं होतं. फार मागणं नव्हतं ते.

आणि हेमंत गवस? तालुक्यातल्या सगळ्या शाळा, दोन पतसंस्था आणि सरकारी दवाखाना, सगळीकडचे कॉम्प्युटर तोच बघायचा. हुशार होता, यात वाद नाही. आपल्या हातून एकही मशीन बिघडलेलं परत गेलेलं नाही, हे तो कोणी न विचारता सांगायचा. सकाळी आठला आला तेव्हा बाईंनाही सांगितलं.

बाईंनी त्याला बिघाड सांगायला सुरुवात केली. तो म्हणाला, तुम्ही बसा बाई, मी बघतो.

बाईंनी पुन्हा सांगायला घेतलं. कमल लिहिलं की अचब उठतंय, एवढं बोलून होईपर्यंत तो हसला. अक्षरं बदलतायत म्हणजे फॉन्टचा घोळ, असं म्हणून त्याने वहीत लिहूनही घेतलं. अजून सांगायचं आहे, असं बाई म्हणाल्या. बसा हो, तो म्हणाला, तुम्हाला कशाला त्रास.

तिसऱ्यांदा बाई बसल्या.

पण नुसत्या बसल्या नाहीत. कपाटातून ब्रेलपाटी काढली आणि टोचा काढला. पाटी म्हणजे पत्र्याची चौकट, तिला ओळीने बारीक खिडक्या. डाव्या बोटाने खिडकी चाचपायची, उजव्या हाताने टोचा दाबून एकेक टिंब पाडायचं, तेही उलटं, उजवीकडून डावीकडे. दोन कागदांचा एक पेपर, नऊ मुलं, अठरा कागद. बाईंच्या उजव्या अंगठ्याचा सांधा लिंबाएवढा झालेला आहे. तो विचारात घ्यायला वेळ नव्हता.

टक. टक. टक.

इकडे हेमंतने आधी बटण बंद केलं, तीस मोजले, चालू केलं. मग केबल बदलली. मग तीच केबल कॉम्प्युटरच्या दुसऱ्या भोकात लावली. मग प्रिंटरचा ड्रायव्हर काढून नवा टाकला. फॉन्ट बदलले. मग ब्रेल करणारा प्रोग्रॅमच उपटून पुन्हा बसवला. शेवटी आपला लॅपटॉप जोडला, त्यावर तोच प्रोग्रॅम घातला. बाई तिथेही नाही म्हणाल्या. तेव्हा दोन्हीकडे तेच येतं म्हणजे प्रोग्रॅमच सडका, असं त्याने ठरवलं. प्रिंटरकडे त्याचं लक्ष गेलं नाही. प्रिंटरवर हिरवा दिवा होता, आणि हिरव्या दिव्यावर शंका घ्यायला त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

प्रत्येक वेळी कागद बाहेर आला की तो कडेला धरून उचलायचा, खिडकीच्या उजेडात धरायचा, स्क्रीनकडे बघायचा. स्क्रीनवर मजकूर बिनचूक. मग म्हणायचा, आलं बघा, आणि कागद बाईंच्या मांडीवर ठेवायचा.

एकदा त्याने ती टकटक जरा थांबवायला सांगितली. मशीनचा आवाज ऐकायचा होता त्याला. बाईंनी टोचा खाली ठेवला. तो टेबलाखाली गेल्यावर पुन्हा उचलला.

दोन वाजेपर्यंत बाईंचे सात कागद झाले होते. मशीनचा एकही नाही.

"बाई," हेमंत म्हणाला. स्टुलावर बसला. सकाळपासून पहिल्यांदाच बसला. "मशीन ओके आहे. माझ्या बाजूने सगळं ओके आहे."

बाईंनी आणखी एक टिंब पाडलं.

"राग मानू नका. पण वय झालं की नजर जाते ना… तसं बोटांचंही होत असेल."

बाईंनी टोचा खाली ठेवला.

या बाईंचा राग ठाऊक असलेली माणसं तालुक्यात पुष्कळ आहेत. एका शिक्षणाधिकाऱ्याला त्यांनी भर सभेत खाली बसवलेलं आहे. दहा वर्षांपूर्वी हेमंत हे बोलला असता तर मशीन तिथेच टाकून घरी गेला असता. आज बाईंनी शोधून पाहिलं, राग सापडला नाही. पाठ दुखत होती, तीच सापडली.

"असेल," त्या म्हणाल्या. "इकडे ये."

तो गेला. बाईंनी कपाटातून एक जुना पेपर काढला, दोन वर्षांपूर्वीचा, चांगला उठलेला. तो आणि मघाचा, दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मग हवेत हात करून त्याचं मनगट शोधलं आणि धरलं.

हेमंतने डोळे मिटले.

"मिटू नकोस," बाई म्हणाल्या. त्यांना कसं कळलं देव जाणे, बहुतेक सगळेच मिटतात म्हणून. "उघडे ठेव. त्यांचं इथे काही काम नाही."

त्याचं बोट जुन्या कागदावर टेकलं. बाईंनी ते ओळीवरून ओढत नेलं, हळू, दाबू न देता. मग नव्या कागदावर. मग परत जुन्या.

"काय?"

"खरखरीत लागतं."

"दोन्ही?"

"दोन्ही."

पुन्हा जुना. पुन्हा नवा.

"काय?"

"हा… जास्त भरलेला. हा कमी."

"कुठे कमी?"

खोलीत पंखा फिरत होता. हेमंतचं बोट आता आपलं आपण फिरत होतं, बाईंनी मनगट सोडलं होतं. तो जुन्या कागदावर गेला, नव्यावर आला, परत गेला. सहा तासांत एकवीस कागद त्याने हाताळले होते. त्यांतल्या एकालाही त्याचं बोट लागलेलं नव्हतं.

"खाली," तो म्हणाला. "बाई, ह्याला खाली काहीच नाही."

बाईंनी पाटी पुढे ओढली.

"खालची रांगच नाही. वरची आहे, मधली आहे…" त्याचं वाक्य पुरं झालं नाही. तो उठला आणि सकाळपासून पहिल्यांदा स्क्रूड्रायव्हर घेऊन प्रिंटरकडे गेला.

झाकण काढलं. आत एकाखाली एक तीन सुया होत्या. वरच्या दोन बोटाने दाबल्यावर आत जाऊन परत येत होत्या. तिसरी दाबली जात नव्हती. कागदाचा भुसा आणि जुनं तेल यांचा काळा लगदा होऊन ती जागच्या जागी घट्ट बसली होती. ब्रेलच्या एका अक्षराला सहा टिंबांची जागा असते, तीन डावीकडे, तीन उजवीकडे. त्यांतली खालची दोन ही सुई मारते. ती मेली म्हणजे कमलमधल्या तिन्ही अक्षरांचं एकेक टिंब गेलं, आणि दुसरीच तीन अक्षरं झाली.

ब्रश, स्पिरिट, जुन्या दातकोरणीचा तुकडा. बारा मिनिटं. सुई मोकळी झाली.

त्याची पाठ बाईंकडे होती. तसाच पाठमोरा म्हणाला, "तुम्हाला ठाऊक होतं सुई अडकलीय ते?"

"मला काय ठाऊक, आत सुया असतात का खिळे." टक. "खालचं टिंब लागत नाही, एवढं ठाऊक होतं." टक. "तेवढंच सांगायचं होतं."

हेमंतने झाकण लावलं. स्क्रू चार होते. चारही त्याने फार सावकाश फिरवले.

मग छापायला दिलं. प्रिंटर खटाखट वाजला. आवाज सकाळसारखाच होता, निदान त्याला तरी फरक कळला नाही. बाईंनी मात्र टोचा थांबवला आणि कान दिला.

कागद आला. त्याने तो दोन्ही हातांनी बाईंना दिला.

बाईंनी डाव्या हाताची तर्जनी ओळीवर ठेवली. फिरवली. थांबली. पुन्हा सुरुवातीला आणली, पुन्हा फिरवली. मग उजव्या हाताचं बोट ठेवलं.

हेमंत बघत होता. दुसरं काय करणार.

"लागत नाही," बाई म्हणाल्या.

"अजून?" त्याचा आवाज फाटला. त्याने कागद ओढून घेतला आणि कोणी न सांगता आपलं बोट टेकवलं. "आहे बाई. खालचं आहे. बघा ना, इथे… इथेही."

"असेल. मला लागत नाही." बाईंनी डावा हात उघडून पुढे केला. तर्जनीच्या टोकावर पत्र्याच्या कडेचा खोल वळ पडला होता, पांढरा, मेलेला. उजव्या हाताच्या बोटांची टोकं टोच्याने दबून सपाट झाली होती. "सकाळपासून दाबतेय. बोट झोपलंय. उद्या उठेल, नाहीतर परवा."

त्याने हातातला कागद हळूच खाली ठेवला.

म्हणजे आता हातानेही पुढचे कागद होणार नव्हते. खिडकी चाचपणारं बोटच राहिलं नव्हतं. सात कागद झाले होते, त्यात तीन मुलांची सोय. उरलेली सहा मुलं मशीनवर. आणि मशीनने काय छापलंय हे सांगू शकणारं, मुलांची सोडता, शाळेतलं एकमेव बोट त्याने सहा तासांत संपवलं होतं. हे त्याला कोणी सांगितलं नाही. त्याचं त्यालाच कळलं.

मग त्याने उपाय काढायला सुरुवात केली. त्याचा तो स्वभाव. वसतिगृहातल्या एखाद्या मुलाला बोलावू, तो वाचून दाखवेल. परीक्षा मुलांचीच आहे, बाई म्हणाल्या, मोठ्या मुलाने वाचलं तरी रात्रीत पाचवीपर्यंत पोचेल. मग फोनवर ब्रेलचा तक्ता मिळतो, तो समोर ठेवून डोळ्यांनी ताडून बघू. त्यावर बाईंनी सांगितलं की सुई अर्धवट उठली तर टिंब दिसायला दिसतं, पण बोटाखाली येत नाही, आणि मुलं काही दिसण्यावर पेपर लिहिणार नाहीत. आजवर अशी दिसणारी टिंबं त्यांना पुष्कळ लोकांनी आणून दिली होती.

"मग छापूनच टाकू या का? आता सगळं सुरळीत आहे. दिवा हिरवा आहे."

"सकाळपासून हिरवाच आहे ना?"

त्याने दिव्याकडे पाहिलं.

"बस," बाई म्हणाल्या. "बोट ठेव. तुला लागेल ते तू सांग. अक्षर कुठलं, ते मी सांगते."

"मला येत नाही बाई."

"ठाऊक आहे."

तो त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसला. कागद मांडीवर घेतला. प्रश्नाचा आकडा बाईंनी सोडून द्यायला सांगितला. पहिलं अक्षर. पहिल्यांदा त्याचं बोट एकदम तीन अक्षरांवर पसरलं. आवर, बाई म्हणाल्या. दुसऱ्यांदा इतकं दाबलं की टिंबच बसेल. हलकं, बाई म्हणाल्या. स्क्रू नाही पिळायचा. तिसऱ्यांदा…

"डावीकडे वर एक. डावीकडे खाली एक."

"मध्ये?"

"मध्ये… नाही."

"क. पुढे."

"डावीकडे वर. खाली. आणि उजवीकडे वर."

"म."

"डावीकडे तीन. वर, मध्ये… खाली." खाली म्हणताना तो थांबला, परत मागे गेला, पुन्हा चाचपलं. "खाली आहे. नक्की."

"ल."

त्याने शर्टाच्या बाहीला कपाळ पुसलं. पंखा चालू होता.

पुढे तो दोनदा चुकला. एकदा डावं उजवं झालं. एकदा टिंब नसताना आहे म्हणाला, असावं असं वाटलं म्हणून. बाईंनी त्या अक्षराला नाव दिलं नाही, नुसत्या थांबल्या. तो परत गेला, शोधलं, आणि नाही म्हणाला. नाही म्हणायला त्याला पुष्कळ वेळ लागला.

कमलने बारा पेरू आणले.

एवढ्या एका ओळीला वीस मिनिटं गेली. पाचवीतलं मूल ती एका श्वासात वाचतं. हेमंतच्या बोटाला मुंग्या आल्या होत्या. त्याने घड्याळ पाहिलं, साडेतीन वाजत आले होते. दोन्ही कागद मिळून चाळीस ओळी होत्या. छापायला तासभर लागला असता.

तो उठून टेबलाशी गेला. माउसवर हात ठेवला. चेहरा उजळला होता, थकलेला होता, आणि त्यात सकाळचं काहीतरी परत येऊ लागलं होतं.

"बाई, पहिली ओळ अगदी बरोबर आहे. एकही टिंब गेलेलं नाही. म्हणजे सुई चालतेय. म्हणजे बाकीचंही बरोबरच असणार." थोडं थांबून, "छापू ना सगळं?"

बाईंचं डोकं मागे भिंतीला टेकलं होतं. दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते, कोणाचेतरी ठेवून दिल्यासारखे. त्याला वाटलं, त्यांचा डोळा लागला.

…

"दुसरी ओळ," बाई म्हणाल्या.